बिनटर्बोचे पिस्टन

सिद्धेश वझलवारचं नेपियर टाउनात चष्म्यांचं दुकान होतं, पण जबलपूरची मराठी मंडळी त्याला ओळखायची ती शववाहिनीवाला म्हणून. कुणाच्या घरी माणूस गेला की डॉक्टरच्या पाठोपाठ त्याला फोन जायचा. तोही दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून निघायचा. पहिली काही वर्षं आपण काहीतरी चांगलं करतोय असं त्याला वाटे. मग नुसती सवय उरली, आणि अलीकडे त्या सवयीचाही शीण यायला लागला होता. फोन वाजला की तो आधी नाव बघायचा. एखाद्या गिऱ्हाइकाचा निघाला तर त्याला हायसं वाटे, आणि तसं वाटल्याची लाजही.

गाडी समाजाच्या सेवा समितीची. भय्यासाहेब मुजुमदारांनी ती बायकोच्या नावानं दिलेली. पांढरी, लांबट, मधोमध देह ठेवायला पत्र्याचा ओटा आणि दोन्ही अंगांना नातेवाइकांसाठी बाकं. पगारी ड्रायव्हर होता. बाकी गाडीचं तेलपाणी, दुरुस्ती, कागदपत्रं, लोकांची बोलणी, सगळं सिद्धेशकडे. ते त्याच्याकडे कधी आलं आणि कसं चिकटलं, हे आता त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

पावसाळा सरता सरता गाडी तेल प्यायला लागली. मागून निळसर धूर यायचा. सिद्धेशनं ती अधारतालला गौतम चौकसेच्या गॅरेजात नेऊन उभी केली. गौतमनं इंजिन उघडलं आणि मान हलवली. पिस्टन झिजलेले, एकावर तर उभे ओरखडे. सगळेच बदलायला हवे होते. पण त्या मॉडेलची गाडी कंपनीनं केव्हाच बंद केलेली, आणि सुटे भाग मिळेनासे झालेले.

"वझलवार जी, टर्बो वाला पिस्टन नहीं मिल रहा," गौतम एक दिवस म्हणाला. "कानपुर, इंदौर, सब जगह पूछ लिया. बिना टर्बो वाला रखा है. साइज़ वही है, बैठ जाएगा."

"बैठ जाएगा मतलब चलेगा ना?"

गौतमनं फडक्याला हात पुसले. "बैठना अलग बात है, चलना अलग."

मग त्यानं दोन्ही पिस्टन बाकावर शेजारी शेजारी ठेवले. बाहेरून बघितलं तर जुळे भाऊ. गौतमनं समजावून सांगितलं ते असं : टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो आत जबरदस्तीनं हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त, म्हणून ताकद जास्त, आणि त्याबरोबर आगही जास्त. ती आग सोसायला टर्बोच्या पिस्टनच्या पोटात तेल फिरायला वाट ठेवलेली असते, वरच्या रिंगेला लोखंडाचा पट्टा असतो. साध्या पिस्टनला यातलं काहीच नाही. तो साध्या हवेवर आयुष्यभर चालेल, पण टर्बोखाली कधीतरी फाटेल.

"टर्बो निकाल देता हूँ," गौतम म्हणाला. "पंप का डीज़ल भी कम कर दूँगा. गाड़ी मरी-मरी चलेगी, पर चलेगी. नहीं तो रुक जाइए, पिस्टन ढूँढते हैं."

थांबायचं म्हणजे किती, ते गौतमला सांगता येईना. दोन महिने, चार महिने. तेवढ्यात माणसं मरायची थांबणार नव्हती. आणि नाहीतरी शववाहिनीला कुठं धावायचं असतं? सिद्धेश म्हणाला, टर्बो काढ आणि साधे पिस्टन बसव.

गावात गाडी चालली. हळू चालली, पण त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. मग मदनमहालच्या बाजूला, टेकडीच्या चढावरल्या एका घरी जायची वेळ आली. देह घेऊन परत निघताना गल्लीतून मुख्य रस्त्यावर यायला एक उभा चढ होता. दोन्ही बाकं माणसांनी भरलेली. गाडी पहिल्या गिअरमध्ये अर्ध्यावर गेली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. शेवटी ज्यांनी खांदा दिला होता तीच माणसं खाली उतरली आणि गाडी ढकलायला लागली. त्यात गेलेल्या बाईंचा मुलगाही होता. पायांत वहाणा नाहीत, हातातलं मडकं दुसऱ्याकडे दिलेलं. मागून कुणीतरी सवयीनं "ज़ोर लगा के" म्हणालं आणि लगेच गप्प झालं.

त्या दिवसापासून सिद्धेशला फोन सुरू झाले. समितीतल्या एकेकाला त्यानं पिस्टनची गोष्ट सांगितली. प्रत्येकानं ऐकून घेतली आणि शेवटी तेच विचारलं, मग गाडी आधी कशी चढत होती? सगळ्यात शेवटी भय्यासाहेबांचा फोन आला.

"सिद्धू, हे काय ऐकून राहिलो मी? लोकांनी गाडी ढकलली म्हणे?"

"हो भय्यासाहेब. तो टर्बो काढलाय ना, म्हणून—"

"मला ते टर्बो-बिर्बो काही कळत नाही बाबा. माझ्या बायकोचं नाव आहे त्या गाडीवर. आधी चढत होती, आता काहून चढत नाही?"

सिद्धेशच्या तोंडाशी सगळं आलं होतं : जुळे दिसणारे पिस्टन, पोटातली तेलाची वाट, आग. पण हे सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं या विचारानंच त्याला थकवा आला. "बघतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं गौतमला टर्बो परत लावायला सांगितलं.

"पक्का?" गौतमनं विचारलं.

"पक्का."

त्याची खात्री होती असं नाही. फोन थांबावेत एवढंच त्याला हवं होतं. गौतमनं टर्बोची हवा जमेल तितकी कमी करून दिली आणि गाडीची किल्ली देताना हात जरा रोखून धरला. "शहर के अंदर चलाना. लंबा रास्ता नहीं. चढ़ाई पे पैर हल्का, और काँटा गरम की तरफ़ जाए तो खड़ी कर देना. समझ लो कि गाड़ी बीमार है." सिद्धेशनं हे जसंच्या तसं ड्रायव्हरला सांगितलं. भय्यासाहेबांना मात्र सांगितलं नाही. गाडी आता चढते, एवढंच त्यांना कळवलं, आणि ते खूश झाले.

हिवाळा सुरळीत गेला. इतका सुरळीत की सिद्धेश स्वतःही मधूनमधून विसरायचा.

मार्चच्या एका सकाळी भय्यासाहेबांचा फोन आला. बाळाजी पेंढारकर गेले. बाळाजी समितीचे जुने चिटणीस. सिवनीला मुलीकडे गेले होते, तिथं हृदयविकाराचा झटका आला, काही दिवस दवाखान्यात काढले आणि पहाटे संपलं. आपलं सगळं नर्मदेवर, ग्वारीघाटालाच व्हावं असं ते नेहमी म्हणायचे.

"गाडी घेऊन जा," भय्यासाहेब म्हणाले. "मी त्यांच्या मुलीला शब्द दिला आहे."

"भय्यासाहेब, आपली गाडी शहराबाहेर न्यायला नको. सिवनीतच एखादी बघतात का—"

"आपली गाडी असताना दुसऱ्याची? बाळाजीसाठी? अरे, त्या माणसानं समितीपायी घर पाहिलं नाही. असं बोलवतं तरी कसं तुला?"

चार वाक्यांत सांगता आलं असतं. ती वाक्यं सिद्धेशपाशी तयार होती. पण पलीकडे म्हातारा माणूस रडत होता, दुकानात एक बाई डोळे तपासून घ्यायला खुर्चीत बसली होती, आणि आपण चार वाक्यं बोललो की त्यावर आणखी चाळीस बोलावी लागतील हे सिद्धेशला माहीत होतं.

"निघतो," तो म्हणाला.

ड्रायव्हर कटनीला भाचीच्या लग्नाला गेला होता. म्हणजे गाडीही त्यालाच न्यायची. प्रणोतीनं, त्याच्या बायकोनं, डब्यात पोळ्या बांधून दिल्या आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत विचारलं, "नाही म्हणता येत नव्हतं का?"

"येत होतं," तो म्हणाला. आणि निघाला.

जाताना त्यानं गाडी अगदी फुलासारखी नेली. बरगी, मग धूमाचा चढ, लखनादौन. ट्रक त्याला मागं टाकून जात होते. प्रत्येक चढाला तो पाय हलका ठेवी, मधे दोनदा थांबून त्यानं इंजिन गार होऊ दिलं. सिवनीला पोचायला उशीर झाला, पण पोचला. उगाच घाबरलो, असंही त्याला वाटून गेलं.

देह गाडीत ठेवला, कडेनं बर्फाच्या लाद्या लावल्या. बाळाजींची मुलगी पुढची तयारी करायला आधीच मोटारीनं जबलपूरला गेली होती. तिचा नवरा पियूष मागं बाकावर बसला. बाळाजींच्या पत्नी, सुमेधाकाकू, पुढं सिद्धेशच्या शेजारी बसल्या. त्यांनी पदर घट्ट लपेटून घेतला होता आणि त्या समोरच्या काचेकडे बघत होत्या. त्या रडत नव्हत्या. गावाबाहेर येईपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

पियूष मात्र सारखा मागच्या जाळीतून बोलत होता. "काका, सूर्यास्ताच्या आत पोचायला पाहिजे. तिकडे लोक जमून राहिले. सारखे फोन येताहेत."

"पोचू."

"या स्पीडनं कसं पोचणार?"

छपारा मागं पडलं, वैनगंगेचा पूल ओलांडला आणि चढ लागला. समोर दगड भरलेला एक ट्रेलर गोगलगायीसारखा चालला होता. मागं पियूषचा फोन पुन्हा वाजला. "हो, हो, येतोच आहोत... नाही, गाडीच जरा..." असं तो दबक्या आवाजात बोलत होता. सिद्धेशनं आरशात बघितलं, रस्ता मोकळा होता. त्यानं पाय दाबला. टर्बोची बारीक शिट्टी सुरू झाली आणि गाडीनं उचल घेतली. ट्रेलर मागं पडला. आता पाय उचलायला हवा होता. त्यानं तो उचलला नाही. चढ संपेपर्यंत, फक्त चढ संपेपर्यंत. काटा तांबड्याकडे सरकताना त्याला दिसत होता. तो बघतच होता, जसं एखादा माणूस दूध वर येताना बघतो आणि उठत नाही.

मग बादलीत खडे हलवावेत तसा आवाज झाला. गाडीतला जोर एकदम गेला. मागं पांढुरक्या-निळ्या धुराचा लोट उठला. सिद्धेशनं उरलेल्या वेगावर गाडी कडेला घेतली आणि एका मोहाच्या झाडाखाली ती थांबली. पुन्हा चालू करून बघायची गरज नव्हती.

पियूष उडी मारून खाली आला. "काय झालं?"

"इंजिन गेलं."

"गेलं म्हणजे?"

सिद्धेशनं सांगितलं. खोटं बोलायचीही ताकद त्याच्यात नव्हती. पिस्टन चुकीचे आहेत, गाडी शहराबाहेर न्यायची नव्हती, मिस्त्रीनं बजावलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं?" पियूष म्हणाला. "माहीत असून आणलीत? आणि आम्हाला एका शब्दानं बोलला नाहीत?"

"हो."

"धन्य आहे तुमची." तो आणखी काही बोलणार होता, पण त्याचे डोळे भरून आले आणि तो फोन कानाला लावून रस्त्यानं दूर चालत गेला.

सुमेधाकाकूंच्या बाजूची काच उघडी होती. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"किती वेळ लागेल रे?"

"दुसरी गाडी मिळेपर्यंत, काकू. तास, दीड तास. मला माफ—"

"मला मागं बसव."

त्यानं मागचं दार उघडून दिलं, हात देऊन त्यांना वर चढवलं. त्या बाकावर बसल्या, नवऱ्याच्या चेहऱ्याजवळ. "दवाखान्यात काचेतून बघू द्यायचे," त्या म्हणाल्या. "हात लावू द्यायचे नाहीत. सकाळपासून घरात नुसती माणसंच माणसं. आता घाटावर तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "दार लोटून घे. आणि पियूषला म्हणावं, आत येऊ नकोस."

सिद्धेशनं दार लोटलं. मग काकू बोलायला लागल्या, आणि तो सूर रडण्याचा नव्हता. त्या रागावत होत्या. "सांगत होते ना मी, जिना चढू नका... सांगत होते की नाही? एक ऐकलं का कधी..." सिद्धेश घाईनं तिथून दूर गेला आणि रस्त्याच्या पुढच्या मोरीच्या कठड्यावर जाऊन बसला. तिथून शब्द ऐकू येत नव्हते. नुसता आवाज येत होता, चढा, मग मऊ, मग एकसारखा, जसं घरातली दोन माणसं दुपारी बोलत बसतात तसा. शेवटी तोही थांबला.

सिद्धेशला वाटलं, आपल्याला आता काहीतरी वाटायला पाहिजे. पश्चात्ताप, भीती, काहीही. पण पाठ दुखत होती, ऊन तोंडावर येत होतं, आणि इथंच आडवं व्हावं एवढी एकच इच्छा त्याला होत होती. डब्यातल्या पोळ्या तशाच होत्या. त्या उघडायचा धीर त्याला झाला नाही.

तीन-चार गाड्या थांबल्या, आत काय आहे ते कळल्यावर निघून गेल्या. मग मटाराची रिकामी क्रेट घेऊन जबलपूरकडे परत चाललेला एक पिकअप थांबला. ड्रायव्हर मधल्या वयाचा, गळ्यात गमछा.

"मिट्टी है?" शववाहिनीकडे बघत त्यानं विचारलं.

"हाँ भैया. ग्वारीघाट ले जाना है."

तो खाली उतरला. मग त्यानं चपला काढून पिकअपच्या चाकाशी ठेवल्या, कपाळाला हात लावला आणि क्रेट एका बाजूला रचायला लागला. सिद्धेश आणि पियूष मदतीला गेले.

सिद्धेशनं मागचं दार वाजवलं. सुमेधाकाकू उतरल्या. केस विस्कटलेले, डोळे लाल, पण खांदे मघाइतके ताठरलेले नव्हते. देह पिकअपमध्ये नेताना त्या बाजूला उभ्या होत्या. निघायच्या आधी त्या सिद्धेशजवळ आल्या.

"बरं झालं असं मी म्हणणार नाही, सिद्धेश. लोक तिकडे तिष्ठत बसलेत, पोरगी जीव टाकत असेल. तू आधी सांगायला पाहिजे होतंस."

"हो काकू."

"पण बसायला मिळालं मला," त्या म्हणाल्या, आणि पिकअपमध्ये पुढं जाऊन बसल्या. पियूषनं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

ते पोचले तेव्हा अंधारलं होतं. थोडी चर्चा झाली, मग गुरुजींनी चालेल म्हटलं आणि सगळं पार पडलं. हे सिद्धेशला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. तो स्वतः त्या गाडीपाशीच होता, आणि नंतर लखनादौनच्या एका लॉजवर. सकाळी गौतमच्या ओळखीचा ट्रक गाडी ओढून घेऊन गेला.

अधारतालला गौतमनं इंजिनाचं हेड उतरवलं. एका पिस्टनचा माथा या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकला होता. कडेचा भाग तर मेणासारखा वितळून ओघळला होता.

"मुझे लगाना ही नहीं था," गौतम म्हणाला.

"लगवाया तो मैंने."

यावर भांडता आलं असतं, किंवा एकमेकांची समजूत घालता आली असती. दोघांनीही काही केलं नाही. गौतमनं चहा मागवला.

संध्याकाळी सिद्धेश भय्यासाहेबांकडे गेला. ते आरामखुर्चीत बसले होते, घाटावरून आल्यापासून अंग मोडून आल्यासारखे. त्यानं पहिल्यापासून सगळं सांगितलं. या वेळी काही गाळलं नाही.

"मला सांगायचं होतंस," ते शेवटी म्हणाले.

"सांगितलं असतं तर ऐकलं असतं तुम्ही?"

भय्यासाहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "नसतं ऐकलं," ते म्हणाले.

"योग्य पिस्टन मिळेपर्यंत गाडी बंद राहील. आणि मी आता थांबतो, भय्यासाहेब. मला नाही होत."

"मग लोकांनी फोन कोणाला करायचा?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही."

आपण हे काम सोडलं तर सगळं अडेल असं सिद्धेशला इतकी वर्षं वाटत आलं होतं. गाडी गौतमच्या अंगणात उभी होती त्या काळात समाजातली दोन माणसं गेली. घरच्यांनी नगरनिगमची गाडी बोलावली, नेलं, आणि कुणी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. हे ऐकून त्याला सुटल्यासारखं वाटलं, आणि थोडं लागलंही. प्रणोतीला त्यानं यातलं पहिलंच सांगितलं. दुसरं तिनं न सांगता ओळखलं असावं, कारण तिनं त्या दिवशी त्याला जास्त काही विचारलं नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी राजकोटच्या एका जुन्या दुकानदाराकडे टर्बोचे पिस्टन निघाले, बांधून ठेवलेले, धूळ बसलेले. गौतमनं ते घालून इंजिन पुन्हा जोडलं आणि सिद्धेशला बोलावलं. समितीनं गाडीची जबाबदारी आता अमेय नावाच्या एका नव्या सभासदाला दिली होती. बँकेत नोकरी, वर्षभरापूर्वीच नागपूरहून बदलून आलेला. तोही आला होता.

गौतमनं गाडी चालू केली. सिद्धेश वाकून ऐकत राहिला. आवाज भरीव आणि एकसारखा होता. गौतमनं पाय दिला, टर्बोची शिट्टी उठली, खाली आली. काही खडखडलं नाही.

"काका, आता कुठंही नेता येईल ना?" अमेयनं विचारलं.

"येईल. पण लांब जायचं असलं तर आधी गौतमला विचारत जा."

"अच्छा."

"आणि नाही म्हणायचं असलं तर म्हण. तेव्हाच म्हण. पुढं मग जमत नाही."

अमेयनं मान हलवली. ज्याला अजून अवेळी कुणाचा फोन आलेला नाही अशा माणसासारखी, झटकन आणि हसत. सिद्धेशला त्याला आणखी सांगावंसं वाटलं, पण काय सांगायचं ते सुचेना. त्यानं किल्ली त्याच्या हातात दिली, गौतमच्या खांद्यावर थोपटलं आणि चालत मेन रोडवर आला.

ऑटोवाल्यानं कुठं जायचं विचारलं. दुकान सकाळपासून बंद होतं, एका गिऱ्हाइकाचा चष्मा द्यायचा राहिला होता. सिद्धेश ऑटोत चढला.

"गढा चलो," तो म्हणाला. घरी जाऊन तो जेवला आणि भरदुपारी, पंखा पूर्ण सोडून, संध्याकाळपर्यंत झोपला.